पीएसपीवरील एका खेळाचा उच्च-रिझोल्यूशन टेक्श्चर पॅक : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

सोनीचा पीएसपी हा हातात धरून खेळायचा संच डिसेंबर २००४ मध्ये जपानमध्ये बाजारात आला. त्याचा पडदा ४.३ इंचांचा आणि ४८० बाय २७२ पिक्सेलचा होता. पहिल्या मॉडेलात मुख्य मेमरी ३२ मेगाबाइट होती, ग्राफिक्स चिपच्या वाट्याला स्वतंत्र अशी अवघी २ मेगाबाइट होती, आणि एक टेक्श्चर, म्हणजे त्रिमितीय आकारावर चिकटवले जाणारे चित्र, जास्तीत जास्त ५१२ बाय ५१२ पिक्सेलचे असू शकत असे. या चौकटीत काम करणाऱ्या चित्रकारांनी काटकसरीची एक स्वतंत्र कलाच विकसित केली. बहुतेक टेक्श्चर १६ किंवा २५६ रंगांच्या पॅलेटवर बेतलेली असत. प्रत्येक पिक्सेलमध्ये रंग साठवण्याऐवजी पॅलेटमधील रंगाचा क्रमांक साठवला जाई, आणि पॅलेट बदलले की त्याच चित्रातून वेगळ्या रंगाचा प्राणी, वेगळ्या रंगाचा झगा किंवा वेगळ्या ऋतूतले झाड तयार होई.

२०१२ मध्ये पीपीएसएसपीपी हा मुक्त स्रोत इम्युलेटर, म्हणजे पीएसपीची नक्कल करून त्याचे खेळ दुसऱ्या यंत्रावर चालवणारा प्रोग्राम, प्रसिद्ध झाल्यावर हे खेळ संगणकावर आणि फोनवर मूळ रिझोल्यूशनच्या अनेक पटींत चालवता येऊ लागले. चौपट केल्यास चित्र १९२० बाय १०८८ चे होते, म्हणजे आजच्या सर्वसाधारण पडद्याला जवळजवळ नेमके बसते. त्रिमितीय आकारांच्या कडा त्यामुळे लख्ख दिसतात, पण त्या आकारांवर चिकटवलेली टेक्श्चर मात्र होती तेवढीच राहतात. लहान पडद्यावर खपून जाणारा धूसरपणा मोठ्या पडद्यावर उघडा पडतो. यावर उपाय म्हणून पीपीएसएसपीपीमध्ये टेक्श्चर बदलण्याची सोय आहे. खेळ जे टेक्श्चर ग्राफिक्स चिपकडे पाठवतो, त्याची ओळख इम्युलेटर एका हॅशने, म्हणजे त्याच्या माहितीवरून काढलेल्या ठरावीक लांबीच्या खुणेने, ठरवतो, त्या नावाची फाइल ठरलेल्या फोल्डरमध्ये सापडली तर मूळ चित्राऐवजी ती वापरतो, आणि न सापडल्यास मूळ चित्र तसेच दाखवतो.

अशा बदली चित्रांचा संच म्हणजे टेक्श्चर पॅक. तो तयार करणारा या प्रकरणातील गट चार जणांचा होता: एक चित्रकार, एक प्रोग्रामर, चाचणी सांभाळणारी एक अनुभवी खेळाडू आणि समन्वय पाहणारा एक सदस्य. त्यांनी निवडलेला खेळ म्हणजे त्या संचावरील एक कल्पनारम्य भूमिकाप्रधान खेळ, ज्यात गावे, गुहा, बरेच राक्षस आणि भरपूर संवाद होते. ओळख पटू नये म्हणून खेळाचे नाव आणि काही तपशील येथे गाळले आहेत. प्रत्येकाकडे खेळाची स्वतःची विकत घेतलेली डिस्क होती आणि काम तिच्यावरून घेतलेल्या प्रतीवरच झाले.

अडचण कशी समोर आली

सुरुवात फार सोपी वाटली. इम्युलेटरमध्ये टेक्श्चर साठवण्याचा पर्याय चालू केला की खेळताना समोर येणारे प्रत्येक टेक्श्चर फाइल म्हणून जमा होत जाते. जमा झालेल्या फाइली ईएसआरजीएएन प्रकारच्या, म्हणजे न्यूरल नेटवर्कच्या साहाय्याने चित्र मोठे करणाऱ्या, मॉडेलमधून चौपट करून घेतल्या गेल्या आणि परत फोल्डरमध्ये ठेवल्या गेल्या. स्थिर स्क्रीनशॉटमध्ये निकाल थक्क करणारा होता. दगडी भिंतींना भेगा आल्या, लाकडाला रेषा आल्या, जमिनीवर खडे दिसू लागले.

प्रत्यक्ष खेळताना मात्र चाचणी करणाऱ्या सदस्येच्या लक्षात एकामागून एक दोष येऊ लागले. सर्वांत बोलके उदाहरण एका दुकानदाराच्या चेहऱ्याचे होते. मूळ टेक्श्चर ६४ बाय ६४ चे. त्यात डोळा म्हणजे चार-पाच गडद पिक्सेल आणि त्यांच्या वर एक तिरपी रेषा. मूळ चित्रकाराने ती रेषा पापणी म्हणून काढली होती, पण मॉडेलने ती सुरकुती समजून गालापर्यंत ओढली. तरुण दुकानदार एकदम साठीचा दिसू लागला. दुसरे उदाहरण कापडाचे होते. १६ रंगांत छटा दाखवण्यासाठी मूळ चित्रकारांनी डिदरिंग केले होते, म्हणजे दोन रंगांचे ठिपके बुद्धिबळाच्या पटासारखे आळीपाळीने मांडून मधल्या रंगाचा भास निर्माण केला होता. मॉडेलला हे ठिपके खरे वाटले आणि गुळगुळीत रेशमी झग्याचे त्याने जाडेभरडे गोणपाट केले.

याशिवाय तीन तांत्रिक दोष होते. जमिनीसारखी, एकापुढे एक मांडली जाणारी टेक्श्चर वेगवेगळी मोठी केल्यामुळे त्यांच्या कडा जुळेनात आणि मैदानावर जाळी दिसू लागली. झाडांच्या पानांभोवती काळी किनार आली, कारण मॉडेलने रंग मोठा केला होता, पारदर्शकतेचा अल्फा चॅनल मात्र वेगळ्या पद्धतीने मोठा झाला होता, आणि पारदर्शक भागाखाली दडलेला काळा रंग कडेला झिरपत होता. तिसरा दोष सर्वांत त्रासदायक होता: काही टेक्श्चर एका दिवशी बदललेली दिसत आणि दुसऱ्या दिवशी, त्याच गावात, पुन्हा जुनी दिसत.

विचारात घेतलेले पर्याय

या टप्प्यावर गटासमोर चार वाटा होत्या. पहिली म्हणजे टेक्श्चर बदलण्याचा नादच सोडून इम्युलेटरमधील एक्सबीआरझेड सारखी, चित्र मोठे करण्याची अंगभूत पद्धत चालू ठेवणे. ती कडा गोलसर करते, नवे काही शोधून काढत नाही आणि कोणतीही फाइल लागत नाही. दुसरी म्हणजे एकाच मॉडेलने सर्व काही मोठे करून दोष सहन करणे. तिसरी म्हणजे सर्व टेक्श्चर हाताने नव्याने रंगवणे. टेक्श्चरांची संख्या हजारोंच्या घरात असताना एकच चित्रकार असलेल्या गटासाठी हा पर्याय केवळ कागदावर होता. चौथी वाट म्हणजे टेक्श्चरांचे प्रकार पाडून प्रत्येक प्रकाराला वेगळी वागणूक देणे.

चौथी वाट निवडली गेली, यात आश्चर्य नाही. निवडीमागचे कारण मात्र नोंदवण्यासारखे आहे. चित्रकाराचे म्हणणे असे की, खेळणाऱ्याच्या डोळ्याला खुपते ते कमी रिझोल्यूशन नव्हे. शेजारी शेजारी असलेल्या दोन वस्तूंच्या तपशिलात पडलेला फरक खुपतो. अतिशय रेखीव भिंतीसमोर उभे असलेले धूसर पात्र हे सगळेच धूसर असण्यापेक्षा वाईट दिसते. म्हणून कसोटी अशी ठरली की एखादा देखावा बदलायचा तर पूर्ण बदलायचा, नाहीतर तो मूळ रूपात सोडायचा. मला हा या प्रकरणातील सर्वांत शहाणा निर्णय वाटतो, कारण पुढे वेळ अपुरा पडला तेव्हाही पॅक अर्धवट न दिसता फक्त लहान दिसला.

किती पट मोठे करायचे, यावरही वाद झाला. आठपट करण्याचा मोह होता. पण मेनू आणि चिन्हे मूळ संचावर पिक्सेलला पिक्सेल अशी काढलेली असतात. चौपट केल्यास ती १९२० बाय १०८८ वर तंतोतंत बसतात आणि त्याहून मोठी केल्यास जास्तीचा तपशील परत आकसून जातो. एरवी ५१२ बाय ५१२ चे टेक्श्चर चौपट केल्यावर २०४८ बाय २०४८ होते आणि दाबल्याशिवाय ग्राफिक्स मेमरीत १६ मेगाबाइट घेते. आठपट केल्यास तेच ६४ मेगाबाइट होते. चर्चा तिथे थांबली.

ओळखीचा प्रश्न

टेक्श्चर मधूनच जुनी का दिसतात, याचे उत्तर फाइलींच्या नावात होते. पीपीएसएसपीपी टेक्श्चरला २४ अक्षरी नाव देतो: पहिली आठ अक्षरे मेमरीतील पत्त्याची, मधली आठ पॅलेटच्या हॅशची आणि शेवटची आठ खुद्द चित्राच्या हॅशची. हा खेळ गावात शिरताना टेक्श्चर मेमरीत मिळेल त्या जागी ठेवत असे. त्यामुळे तेच चित्र कधी या पत्त्यावर, कधी त्या पत्त्यावर सापडे, आणि नाव जुळले नाही की मूळ चित्र दिसे.

पत्ता दुर्लक्षित करण्याची सोय सेटिंगच्या फाइलमध्ये आहे, पण गटाने सुरुवातीला हॅशसाठी ‘क्विक’ हा पर्याय ठेवला होता. तो वेगवान असला तरी ढोबळ आहे, आणि पत्ता वगळायचा असेल तर इम्युलेटर त्याला नकार देऊन एक्सएक्सएच३२ किंवा एक्सएक्सएच६४ ही अधिक काटेकोर हॅश पद्धत वापरण्यास सांगतो. पद्धत बदलायची म्हणजे चित्राचा हॅश बदलणार, आणि तोवर तयार झालेल्या सर्व फाइलींची नावे निरुपयोगी ठरणार.

येथे प्रोग्रामरने सुचवलेला मार्ग सोपा आणि परिणामकारक होता. नव्या पद्धतीने टेक्श्चर पुन्हा जमा केली तरी जमा होणारे चित्र तेच असते, बदलते ते फक्त नाव. जुन्या आणि नव्या जमा फाइलींतील पिक्सेल जुळवून पाहिले की कोणत्या जुन्या नावाला कोणते नवे नाव लागू होते याची यादी आपोआप तयार होते, आणि त्या यादीनुसार मोठ्या केलेल्या फाइलींचे पुनर्नामकरण करता येते. हाताने करायचे काम उरले ते एवढेच की चाचणी करणाऱ्या सदस्येला सर्व गावे आणि गुहा पुन्हा पालथ्या घालाव्या लागल्या. तिने त्या वेळी प्रत्येक ठिकाणची सेव्ह फाइल वेगळी ठेवली, आणि पुढच्या सर्व चाचण्यांना त्याच फाइली उपयोगी पडल्या.

पत्ता वगळल्याने दुहेरी फाइलींची संख्याही बरीच घटली. याच वेळी नावांची फाइल नीट लावली गेली: तिच्यात हॅशसमोर वाचता येईल असे नाव लिहिता येते, आणि समोर काहीच न लिहिल्यास ते टेक्श्चर वगळले जाते. सावल्या, धूर आणि प्रकाशाचे झोत यांची टेक्श्चर अशी मुद्दाम वगळण्यात आली. मुळात मऊ असलेल्या गोष्टी तीक्ष्ण करून काही साधत नव्हते.

पॅलेटचा पेच

खरा पेच पुढे होता. एकाच राक्षसाची लाल, निळी आणि हिरवी अशी रूपे या खेळात होती. चित्र एकच, पॅलेट तीन. नावातील मधली आठ अक्षरे पॅलेटप्रमाणे बदलत असल्याने प्रत्येक रूपासाठी वेगळी फाइल लागत होती. त्यात भर म्हणजे राक्षसाला मार बसला की खेळ त्याचे पॅलेट काही क्षण पांढरे करत जाई आणि विष चढले की जांभळट करत जाई. प्रत्येक पायरी म्हणजे नवे पॅलेट, नवा हॅश, नवी फाइल. जमा झालेल्या फोल्डरमध्ये एकाच राक्षसाच्या फिकट होत जाणाऱ्या प्रतींची रांगच लागली होती.

नावात पॅलेटच्या जागी शून्ये लिहिली की कोणत्याही पॅलेटला तीच फाइल चालते. समन्वयकाने हा मार्ग सर्व राक्षसांना सरसकट लावण्याचा निर्णय घेतला. फाइली आटोपशीर झाल्या आणि पॅकची पहिली चाचणी आवृत्ती काही निवडक खेळाडूंना देण्यात आली. त्यांच्याकडून आलेली तक्रार कोणाला अपेक्षित नव्हती: खेळ अवघड झाला आहे. आगीचा राक्षस आणि बर्फाचा राक्षस आता एकाच रंगाचे दिसत होते, त्यामुळे कोणावर कोणता मंत्र चालवावा हे कळत नव्हते. वार लागला की नाही हेही समजत नव्हते, कारण पांढरी चमक नाहीशी झाली होती. चित्र सुंदर झाले होते आणि खेळाने चित्रातून सांगितलेली माहिती पुसली गेली होती.

यावर दोन टोकांचे उपाय सुचवले गेले. एक म्हणजे प्रत्येक पॅलेटसाठी स्वतंत्र चित्र मोठे करणे. तसे करून पाहिल्यावर लाल आणि निळ्या रूपांत मॉडेलने वेगवेगळे तपशील काढल्याचे दिसले. एकाच्या खांद्यावर खवले होते तर दुसऱ्याच्या खांद्यावर केस. दुसरा म्हणजे राक्षसांना हात न लावणे, पण मग देखावा पूर्ण बदलण्याची कसोटी मोडत होती.

शेवटी स्वीकारलेला मार्ग असा होता. शेवटची आठ अक्षरे समान असलेल्या सर्व फाइली एकत्र केल्या, कारण ती एकाच चित्राची वेगवेगळी रूपे होती. एखादा पिक्सेल लाल रूपात कोणता, निळ्यात कोणता आणि हिरव्यात कोणता रंग घेतो हे पाहिले की त्याचा पॅलेटमधील क्रमांक उलगडता येतो. इम्युलेटर रंगीत चित्र साठवतो, क्रमांक नाही, पण तो अशा तुलनेने परत मिळतो. मग चित्रकाराने फक्त एक रूप मन लावून मोठे करून सुधारले. त्या मोठ्या चित्रातील प्रत्येक पिक्सेल हा मूळ पॅलेटमधील कोणत्या दोन रंगांचे कोणत्या प्रमाणातले मिश्रण आहे, हे प्रोग्रामरच्या लहानशा स्क्रिप्टने शोधले आणि तेच प्रमाण दुसऱ्या पॅलेटला लावून निळे आणि हिरवे रूप तयार केले.

पहिल्या प्रयत्नात कमरपट्टा आणि डोळा यांची गल्लत झाली. लाल रूपात दोन्ही जवळजवळ सारखेच तपकिरी होते, निळ्या रूपात मात्र डोळा पिवळा होता, आणि स्क्रिप्टने निम्मा कमरपट्टाही पिवळा करून टाकला. यावर उतारा म्हणून रंग शोधताना संपूर्ण पॅलेट न घेता, मूळ लहान चित्रात त्या जागी आणि तिच्या लगतच्या आठ पिक्सेलमध्ये जे क्रमांक आहेत तेवढेच विचारात घेण्याची अट घातली. कमरपट्ट्याच्या आसपास डोळ्याचा क्रमांक नसल्याने चूक होण्याचा मार्गच बंद झाला.

मार बसल्यावरच्या चमकेसाठी काहीच केले नाही, आणि तेच योग्य होते. त्या पॅलेटसाठी फाइल नसल्याने इम्युलेटर ते काही क्षण मूळ चित्र दाखवतो. पांढऱ्या झालेल्या आकृतीत रिझोल्यूशनचा फरक डोळ्याला जाणवत नाही. विषाचे पॅलेट अधिक काळ टिकत असल्याने त्याची रूपे मात्र स्क्रिप्टने तयार केली. पॅलेटच्या जागी शून्ये लिहिण्याची सोय भिंती, लाकूड, भांडी अशा, जिथे रंग केवळ दिवसरात्रीप्रमाणे हलका गडद होतो, तिथेही सरसकट ठेवली नाही. ज्या खोल्यांत प्रकाश बदलतच नाही तिथेच ती राहिली.

बाकीची कामे

डिदरिंगसाठी आधी ठिपके विरघळवणारे, आकार न वाढवणारे मॉडेल चालवून मगच चित्र चौपट केले. जमिनीच्या टेक्श्चरांना मोठे करण्यापूर्वी चारी बाजूंनी त्याच चित्राची झालर जोडली आणि नंतर ती छाटून टाकली, त्यामुळे कडा जुळल्या. पानांच्या बाबतीत पारदर्शक भागाखालचा काळा रंग काढून तिथे शेजारच्या पानाचाच रंग पसरवला आणि अल्फा चॅनल स्वतंत्रपणे मोठा केला. चेहरे मॉडेलकडे सोपवायचे नाहीत असे ठरले. चित्रकाराने ते हाताने रंगवले.

अक्षरांच्या बाबतीत मॉडेल पूर्णपणे निकामी ठरले. अक्षरांचा तक्ता मोठा केल्यावर स्वल्पविराम आणि पूर्णविराम एकसारखे ठिपके झाले. मूळ अक्षरांच्या रुंदीशी जुळणारा, मुक्त परवान्याचा फॉन्ट निवडून तक्ता नव्याने मांडला गेला, कारण प्रत्येक अक्षर तक्त्यात कुठून कुठपर्यंत आहे हे खेळाच्या संहितेत पक्के असते आणि एक पिक्सेल इकडे तिकडे झाला तरी शेजारच्या अक्षराची कड वाक्यात डोकावते. मेनूच्या चौकटींतही याच कारणाने बारीक रेषा दिसत होत्या. चौकटीच्या तुकड्यांभोवती त्यांचाच रंग थोडा बाहेर पसरवल्यावर त्या गेल्या.

निष्पत्ती

पॅकची पूर्ण आवृत्ती विनामूल्य दिली गेली. तिच्यात खेळाची कोणतीही फाइल नव्हती. तरीही मोठे केलेले चित्र हे मूळ चित्रावरच आधारलेले असते आणि त्यावरील हक्क मूळ प्रकाशकाचा आहे, हे गटाने स्पष्ट लिहिले आणि हक्कधारकाने सांगितल्यास पॅक मागे घेण्याची तयारी दाखवली.

संगणकावर पॅक सुरळीत चालला. फोनवर मात्र नव्या गावात शिरताना खेळ अडखळू लागला, कारण पॅकमधील चित्रे पीएनजी स्वरूपात होती, आणि अशी फाइल दर वेळी उलगडावी लागते आणि उलगडल्यावर ती पूर्ण जागा व्यापते. नंतरच्या आवृत्तीत फाइली केटीएक्स२ स्वरूपात देण्यात आल्या. त्या ग्राफिक्स चिपला समजणाऱ्या दाबलेल्या रूपात थेट जातात, एका पिक्सेलला चार बाइटऐवजी एक बाइट लागतो आणि २०४८ बाय २०४८ चे टेक्श्चर १६ ऐवजी ४ मेगाबाइटमध्ये मावते. अडखळणे पूर्ण गेले नाही, पण खेळता येण्याइतके कमी झाले. काही दूरच्या प्रदेशांना शेवटपर्यंत हात लागला नाही आणि ते मूळ रूपात राहिले.

वेगळे काय करता आले असते

हॅशची पद्धत पहिल्याच दिवशी ठरायला हवी होती. एकही चित्र मोठे करण्यापूर्वी, एका गावात चार-पाच वेळा आत-बाहेर करून नावे स्थिर राहतात का एवढे पाहिले असते तरी पुनर्नामकरणाचा खटाटोप वाचला असता. हे पाहायला अर्धा तास पुरतो.

पॅलेटबाबत मात्र मी गटाला फारसा दोष देणार नाही. रंगात माहिती दडलेली आहे हे फोल्डरमधील चित्रे पाहून कळत नाही, ते खेळतानाच कळते. आक्षेप घ्यायचा तर एवढाच की सरसकट निर्णय घेण्यापूर्वी चाचणी करणाऱ्या सदस्येला विचारले गेले नाही. तिने खेळ अनेकदा पूर्ण केला होता आणि कोणता रंग काय सांगतो याची यादी ती बसल्या बसल्या देऊ शकली असती. फोनवरील चाचणीही शेवटी ढकलली गेली, आणि मेमरीचा हिशेब कागदावर मांडून झालेला असूनही तो केवळ संगणकासाठीच वापरला गेला.

चेहऱ्यांचा प्रश्न अजून मिटलेला नाही. काही जुन्या खेळाडूंच्या मते हाताने रंगवलेले चेहरे देखणे असले तरी ती त्यांच्या ओळखीची पात्रे राहिलेली नाहीत. गटाने त्यासाठी चेहरे वगळलेला दुसरा पॅक काढला, आणि त्यात रेखीव अंगरख्यावर धूसर चेहरा दिसतो, म्हणजे चित्रकाराने सुरुवातीला जे टाळायला सांगितले होते नेमके तेच. दोन्ही पॅक सध्या उपलब्ध आहेत आणि चित्रकार मूळच्या पाच पिक्सेलांच्या डोळ्याशी अधिक प्रामाणिक राहणारा तिसरा संच रंगवत आहे.